ब्रेकवरचा पाय

आधीच सांगतो, मी डिझेल मेकॅनिक आहे, आणि मशीन बंद पडलं की कारण असतंच असं मानणारा. भूतबित ऐकलं की मी चहा मागवतो. या ग्रुपवरचे अनुभवसुद्धा टाइमपास म्हणूनच वाचायचो. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण विलास म्हणाला, लिहून टाक एकदाचं.

मी मूळचा बार्शीचा. कतारला बरीच वर्षं झाली, घर अबू हमूरला. आमच्या अरबाबला, म्हणजे मालकाला, जुनी वाहनं गोळा करायचा भारी नाद. शहानियाकडे त्याचा मजरा आहे — शेतघर म्हणा. तिथल्या शेडमध्ये त्यानं जर्मनीहून रेल्वेचं एक जुनं शंटिंग इंजिन आणून ठेवलं, आणि बाहेरपर्यंत शंभरेक मीटर रूळ टाकून घेतला. ते चालू करायचं काम माझ्याकडे आलं. वेल्डिंगला विलास, सावंतवाडीचा. माझा वीस वर्षांपासूनचा दोस्त.

इंजिन एकदम ठेंगणं. पुढे बसकं बॉनेट, मागे एका माणसापुरती केबिन. माहिती द्यायला जर्मनीहून क्लाउस साहेब आले होते. सत्तरी ओलांडलेले, तरुणपणी असल्याच इंजिनावर काम केलेले. ते म्हणाले, लहान स्टेशनांवर दोन-चार डबे हलवायला मोठं इंजिन कोण अडकवून ठेवणार? म्हणून हे केलं. स्टेशनवरच्याच माणसाला शिकवायचं आणि त्यानंच चालवायचं. गिअरबॉक्समधून चाकांकडे जाड साखळ्या गेलेल्या, सायकलसारख्या. आणि ब्रेक पायाचा. लोखंडी पेडलवर अंगाचं सगळं वजन टाकून उभं राहायचं, तेव्हा सोळा-सतरा टनांचं धूड थांबणार. ते पेडल बुटांनी घासून मधोमध खोलगट झालं होतं. मला ते फार आवडलं. कुणीतरी तिथं आयुष्य काढलं होतं.

दसऱ्यापर्यंत इंजिन सुरू झालं. काम एकच बाकी होतं — पेडल दाबलेलं अडकवून ठेवायचा खटका. तो नसल्यानं पाय काढला की ब्रेक सुटायचा. म्हणून उभं करताना चाकांखाली लाकडी पाचरी लावायचो.

दसरा शुक्रवारी आला, सुट्टीच होती. सकाळी दहाच्या सुमारास आम्ही दोघंच शेडमध्ये. मी म्हटलं, नुसतं हळद-कुंकू लावू आणि निघू.

"दत्ता, मेल्या, नारळ फोडूचो नाय तर दसरो कसलो?" विलास म्हणाला.

मग सगळंच रीतसर. आपल्याकडे गाडीची पूजा म्हटली की चाकाखाली लिंबू हवंच. लिंबू ठेवायला जागा पाहिजे म्हणून मी पाचरी काढल्या, लिंबं ठेवली... आणि पाचरी तशाच बाजूला राहिल्या. तीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस मी. इंजिन जागचं हललं नाही, म्हणून डोक्यातही आलं नाही.

विलास पुढच्या बाजूला गुडघ्यावर बसला. पाठीमागे रुळाचा शेवट, तिथला काँक्रीटचा ठोकळा. क्लाउस साहेबांनी जाण्यापूर्वी हात जोडून सांगितलं होतं, काहीही काढा, पण जर्मन इंजिनावर स्वस्तिक नको. म्हणून तो ॐ काढत होता. मी बाजूला ताट घेऊन उभा.

फट् आवाज झाला. मी खाली बघितलं — लिंबू फुटलं होतं, आणि चाक फिरत होतं.

ओरडलो की नाही, आठवत नाही. हातातलं ताट गेलं. रूळ त्या ठोकळ्याकडे जरासा उतरता आहे. विलास मागे सरकला, पाठ काँक्रीटला लागली. इंजिन त्याच्या छातीपासून वीतभर राहिलं... आणि ब्रेक लागल्याचा आवाज येऊन थांबलं.

मी पायरीवर चढून काचेतून आत बघितलं. केबिनला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. आत कुणी नाही. पेडल पार खाली दाबलेलं होतं.

"विलास," मी म्हणालो, "आहेस का रे?"

"आसंय रे, आसंय." तो अंग चोरत, घासत बाजूनं बाहेर आला. माझ्याकडे बघून त्यानं हात वर केला. आणि माझ्या डोळ्यांदेखत पेडल धाडकन वर आलं. इंजिन सुटलं आणि ठोकळ्यावर जाऊन आदळलं. मघाशी विलास होता, बरोब्बर तिथं.

आम्ही दोघं खाली बसून रडलो, लाज कसली त्यात. चूक माझी होती. त्याच्या मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं.

संध्याकाळी क्लाउस साहेबांना फोन केला. पेडल वर कधी आलं, हे मी सांगितलंच नव्हतं. इंजिन आपोआप थांबलं, पुढे माणूस होता, एवढंच बोललो. ते म्हणाले, मला शिकवणारा म्हातारा एकच नियम सांगायचा — बफरसमोर, म्हणजे इंजिनाच्या तोंडापुढे, माणूस असेल तर पाय ब्रेकवरून उचलायचा नाही. तो माणूस बाहेर येऊन हात वर करेल, मगच.

हे इंजिन पूर्वी कुठल्या स्टेशनवर होतं, कोण चालवायचं, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

नंतर महिनाभर मी सगळं तपासलं. गंज, साखळी, दांडे, सगळं. पेडल आपोआप खाली राहावं म्हणून नाना प्रकार केले, एकदाही राहिलं नाही. माझी लेक म्हणते, "बाबा, इट्स जस्ट फ्रिक्शन." असेल बाई. तुमच्याकडे उत्तर असेल तर खाली लिहा.

विलासच्या मुलीचं लग्न झालं. तो आता आजोबा आहे, आणि दर गुरुवारी, सुट्टीच्या आदल्या दिवशी, मला फोन करून मासे खायला बोलावतो. दसऱ्याची पूजा आम्ही अजून करतो. पाचरी जागच्या जागी, लिंबं शेजारी. गावाहून आणलेलं आपट्याचं एक पान मी त्या पेडलच्या खोलगट भागात ठेवतो. विलास पुढच्या बाजूनं हळद-कुंकू लावतो, बाहेर येतो आणि रिकाम्या केबिनकडे बघून हात वर करतो. मगच आम्ही पेढे खातो.