पोथीवरून उठले तेव्हा

अमरावतीच्या एका झोपडपट्टीत, समाजमंदिराच्या ओट्यावर, आम्ही चार-पाच जणी रोज मुलांचा अभ्यास घेतो. दिवाळी सरली की निम्मी मुलं आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात आणि उन्हाळा संपता संपता शिकलेलं सगळं विसरून परततात. गेल्या वर्षी माझा धीर सुटला. देवाला आपलं हे काम मान्यच नसावं, असं वाटून मी सात दिवसांच्या पारायणाला बसले. आमच्याकडे नियम कडक. अध्याय संपेपर्यंत बोलायचं नाही, आसन सोडायचं नाही. त्या नियमाचा मला तोराही होता, खोटं कशाला बोलू?

पाचव्या दिवशी सकाळी आमची नववीतली वैष्णवी दारात आली. "ताई," एवढंच म्हणाली. मी हातानंच 'थांब' अशी खूण केली आणि वाचत राहिले. ती थोडा वेळ उभी राहिली, मग गेली. तेवढ्यात शेजारच्या काकू खिडकीतून ओरडल्या, "अवं बाई, पोरगी रडत गेली ना! मायबाप तिले भट्टीवर घेऊन चालले, आता आकोल्याच्या गाडीनं. तुमच्या घरी राहू देता का, हे इचाराले आलती ते."

अध्याय अर्धाच झाला होता. सांगायला लाज वाटते, पण तेव्हाही मी क्षणभर पापाचाच विचार केला. मग पोथी तशीच उघडी टाकून निघाले आणि रिक्षानं स्टँड गाठला.

गाडी केव्हाच सुटायला हवी होती. पण मूर्तिजापूरला निघालेले एक अनोळखी आजोबा दारातच अडून उभे होते. चढताना त्यांची काठी गाडीखाली गेली होती. "माही काठी आणून दे बापू, मंगच गाडी हालव," ते कंडक्टरला दटावत होते. बिचारा कंडक्टर वाकून काठी काढत होता, तोवर मी खिडकीशी पोचले. वैष्णवीच्या बापाला म्हणाले, "दहावी होईपर्यंत पोरगी माझ्याकडं राहू द्या."

"तुमाले तरास होईन ना ताई," तो म्हणाला आणि त्यानं पोरीला उठायची खूण केली. आईनं पोरीचं गाठोडं खिडकीतून माझ्या हातात दिलं.

उतरणाऱ्या वैष्णवीला वाट देऊन आजोबा आत गेले. मी त्यांना हात जोडले. कशासाठी, ते त्यांना कळलंही नसेल.

वैष्णवी यंदा दहावीत आहे. इतकी वर्षं मी देवाकडे मागत आले. त्या दिवशी तोच माझ्या दाराशी मागायला आला आणि मी त्याला हातानं थांबवलं. तरी तो रागावला नाही, माझ्यासाठी गाडी धरून ठेवली. त्याचे उपकार कसे फेडू? आता पोथी वाचताना कुणा लेकराची हाक आली, की मी उठते.