कोऱ्या तळाचे बूट

मुलीला तेरावं लागलं त्या उन्हाळ्यात तिचा उभं राहायचा स्टँड तिला लहान झाला.

थेरपीच्या ताई घरी आल्या होत्या. छातीचा पट्टा पोटावर येत होता आणि गुडघे टेकायच्या उशीला तिच्या नडग्या लागत होत्या. ताईंनी पट्टे सोडले. आम्ही दोघींनी मिळून तिला खाली घेतलं आणि गादीवर टेकवून बसवलं.

"आता यात नका उभं करू. कमरेवर ताण येतोय तिच्या," ताई म्हणाल्या.

"मग मोठा करून घेऊ का? सुतार ओळखीचाच आहे."

 ताईंनी मुलीच्या कपाळावर आलेले केस मागे सारले. मग म्हणाल्या, "आता खुर्चीकडे लक्ष देऊ या आपण. चांगली, तिच्या मापाची खुर्ची."

मी "बरं" म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेले. ताई काय म्हणाल्या ते मला कळलं होतं. ओट्यापाशी उभी राहून मी आधणात साखर घातली आणि विसरून परत घातली. ताईंनी तो चहा तसाच प्यायला.

आमची मुलगी सातव्या महिन्यात जन्मली. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. पुढे डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते आम्ही घरात वापरलं नाही. "तिला थोडा उशीर आहे," असं आम्ही म्हणायचो. बसायला उशीर, बोलायला उशीर, चालायला उशीर. उशीर म्हटलं की गोष्ट केव्हातरी होणार असं त्यात आपोआप येतं. बरीच वर्षं आम्ही त्या शब्दावर काढली.

आम्ही नाशिक रोडला राहतो. माझे मिस्टर नोटांच्या प्रेसमध्ये आहेत. मुलगी तीन वर्षांची असताना त्यांनी ओळखीच्या सुताराकडून तो स्टँड करून घेतला. जाड प्लायवूडचा, पिवळा रंग दिलेला, छातीला आणि गुडघ्यांना रेक्झिनचे पट्टे, समोर ताटासारखी फळी. ती वाढली तशी सुतारानं फळी दोनदा वर सरकवून दिली, खालची बैठक बदलली. रोज संध्याकाळी मी तिला त्यात खिडकीपाशी उभी करायची. समोरच्या फळीवर वाटाणे टाकायचे, ती ते हातानं इकडून तिकडे ढकलायची आणि वडिलांच्या स्कूटरची वाट बघायची. स्कूटर वळणावर दिसली की ओरडायची. उभी असली की ती मला तिच्या वयाची वाटायची. एरवी ती उचललेली, टेकवलेली, उशांच्या आधारानं बसवलेली असायची. त्या अर्ध्या तासात ती खिडकीत उभी असलेली एक मुलगी असायची.

स्टँडबरोबर वॉकर होता आणि बूट होते. घोट्यापर्यंत चढणारे, आतून पट्ट्यांचे, पाऊल सरळ ठेवणारे. पाय वाढला की नवीन जोड यायचा. जुना मी पुसून, आत कागद कोंबून माळ्यावर ठेवून द्यायची.

तिचे फ्रॉक मी कधीच देऊन टाकले होते. आमच्या बिल्डिंगमध्ये बायकांची ती देवाणघेवाण चालूच असते. जिन्यात एखादी हाक मारते, "हिला लहान झालं गं, बघ तुझ्या पुतणीला होतंय का," आणि हे सांगताना तिच्या बोलण्यात थोडा तोरा असतो. मलाही होता. पण स्टँड, वॉकर आणि बूट कोणाला द्यायचे? नात्यात, ओळखीत कोणाला त्याची गरज नव्हती. आणि खरं सांगायचं तर मी शोधतही नव्हते. स्टँड बाल्कनीत उभा राहिला. मी त्याच्यावर जुनी चादर टाकली.

दिवाळीनंतर ताईंनीच विषय काढला. पेठ तालुक्याकडचं एक जोडपं भातकापणी उरकून मखमलाबादच्या बाजूला द्राक्षाच्या बागेत कामाला आलं होतं. त्यांचा चार वर्षांचा मुलगा आमच्या मुलीसारखाच. कोणीतरी त्याला ताईंच्या सेंटरवर आणून दाखवला होता. "दिवसभर कॅरेटमध्ये बसवतात हो त्याला," ताई म्हणाल्या. "द्राक्षाचं प्लास्टिकचं कॅरेट असतं ना, त्यात गोधडी घालून. दुसरं करणार काय? दोघंही कामावर."

मी मुलीला विचारलं. तिला बोलता येत नाही म्हणण्यापेक्षा तिचं बोलणं आम्हालाच कळतं. 'हो' म्हणायचं असलं की ती डोळे वर करते. मी म्हटलं, "तुझा पिवळा स्टँड एका लहान मुलाला देऊ या?" तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग डोळे वर केले आणि मान भिंतीकडे वळवली.

सुताराकडून स्टँडची फळी आणि पट्टे पुन्हा खाली घेतले आणि रविवारी शेजाऱ्यांची व्हॅन घेऊन आम्ही निघालो. मुलीजवळ सासूबाई थांबल्या. बागेच्या कडेला, विहिरीपाशी पत्र्याची खोली होती. एक बाई हात पुसत बाहेर आली. बाई कसली, वीस-बावीस वर्षांची पोर. मागे तिचा नवरा होता. तो लगेच आमच्याबरोबर स्टँड आणि वॉकर उतरवायला लागला. मुलगा कॅरेटमध्ये बसला होता. तोंड स्वच्छ धुतलेलं, डोळ्यांत काजळ, अंगावर मोठ्या मापाचा शर्ट. आम्ही येणार म्हणून तयार केलेला.

पट्टे कसे बांधायचे ते मी तिला दाखवलं. आधी गुडघे, मग कंबर, शेवटी छाती. मुलाचं डोकं दोनदा पुढे पडलं. मग त्यानं ते उचललं आणि धरलं. ती त्याच्या पुढ्यात उकिडवी बसली होती, त्यामुळे त्याला आपल्या आईकडे खाली बघावं लागलं. तसं त्यानं आधी कधी पाहिलं नसणार. तो तिच्या भांगाकडे बघत राहिला. तिनं पदर तोंडाला लावला आणि हसली.

मग मी बुटांची पिशवी दिली. तिनं एक बूट काढला, आत हात घालून पाहिला, उलटा केला. तळ कोरा होता. दुकानातून आणला तेव्हा होता तसाच. त्यावरच्या रेघासुद्धा बुजल्या नव्हत्या.

"लय जपून वापरलेत," ती म्हणाली.

मी पिशवीतला दुसरा बूट काढून तिच्यापुढे ठेवला.

"मावशी, तुमची पोर आता चालत आसंल ना? म्हनून तर देऊन टाकलं."

तिनं ते इतकं सरळ विचारलं. तिच्या हिशेबानं दुसरं कारण असूच शकत नव्हतं. लहान झालं म्हणजे काम झालं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या मागून मिस्टर म्हणाले, "हो. चालते आता."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो पहिल्यांदाच हसला.

 परतताना पंचवटीच्या सिग्नलला थांबल्यावर मी म्हटलं, "असं का सांगितलंत तुम्ही?"

"काय सांगायला पाहिजे होतं?"

"खरं. नाहीतर गप्प बसायचं होतं."

"ती माझ्याकडे बघत होती," ते म्हणाले. "मला 'नाही' म्हणवेना."

मी रागावले होते आणि तो राग घरी पोहोचेपर्यंत धरून ठेवला. त्याखाली काय होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. 'चालते आता' हे शब्द आमच्या मुलीबद्दल कोणी उच्चारलेले मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले होते. ते ऐकताना क्षणभर माझ्या डोळ्यांपुढे ती चालली होती. हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत, भिंतीला हात न लावता. घरी आल्यावर मी तिला भरवायला बसले, तर मला तिच्याकडे बघवेना.

पुढे द्राक्षांचा हंगाम सुरू झाला. एका दुपारी दाराची बेल वाजली. दारात ती, कडेवर मुलगा, हातात द्राक्षांची पिशवी. ताईंकडून पत्ता घेतला होता. नवरा मालकाची मोटरसायकल घेऊन खाली थांबला होता. "पोराला तुमची ताई दाखवाया आनलं," ती म्हणाली. "चालती कशी ते बघंल. बघून शिकत्यात ना पोरं."

माझ्या मागे, हॉलमध्ये, मुलगी खुर्चीत बसलेली होती. नवीन, तिच्या मापाची खुर्ची. मानेला आधार, पोटाला पट्टा. मिस्टर सुट्टीवर होते, पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली ठेवला.

मुलाची आई आत आली आणि उभी राहिली.

"ही ताई?"

"हो. हीच."

"आन् दादा तर म्हनले..."

"ते खोटं बोलले," मी म्हटलं. मुलीसमोरच म्हटलं. "मीही गप्प बसले. ती चालत नाही. कधीच चालली नाही."

मुलीनं वडिलांकडे पाहिलं आणि मोठ्यानं हसली. वडील कशातही पकडले गेले की तिला असंच हसू येतं. मिस्टर उठून आतल्या खोलीत गेले.

ती खाली बसली, फरशीवर. मुलाला मांडीत घेतलं. बराच वेळ मुलीच्या पायांकडे पाहत राहिली. मी पाणी आणलं ते तिनं हातात घेतलं, प्यायली नाही.

"म्हंजी ह्यो बी नाय चालनार?"

"मला माहीत नाही गं. प्रत्येकाचं वेगळं असतं. तुझा मान धरतो, हिला त्या वयात तेवढंही जमत नव्हतं. चालेल म्हणून मी सांगणार नाही, नाही चालणार असंही सांगणार नाही."

"मग उभा कशापाई करायचा त्याला?"

हा प्रश्न थेरपीच्या ताईंना विचारायचा माझ्याकडून राहूनच गेला होता, की मी विचारायला घाबरले होते, कोण जाणे. पण उत्तर मला माहीत होतं, वर्षानुवर्षं खिडकीपाशी बसून कळलेलं. "उभं राहिल्यानं हाडं पक्की होतात," मी म्हटलं. "पोट साफ होतं. आणि त्याला जास्त दिसतं. बसल्यावर नुसते लोकांचे पाय दिसतात."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. मुलाच्या नाकाखालचं पदरानं पुसलं आणि म्हणाली, "एवढी मोठी झाल्यावर आंघोळ कशी घालता?"

मी तिला न्हाणीघरात नेलं. उतरतं स्टूल दाखवलं, त्याला मारलेले पट्टे दाखवले. उचलताना कंबर न वाकवता गुडघ्यातून कसं उठायचं ते करून दाखवलं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. माझी पाठ गेल्यावर मी शिकले. तिनं एकदा आमच्या मुलीला स्वतः उचलून पाहिलं. बारीक अंगाची, पण उचललं बरोबर. मुलगी अनोळखी माणसाच्या हातात ताठ होते, तिच्या हातात थोडी कमी ताठ झाली. मग तिनं विचारलं, पाळी आल्यावर काय करता. तिचा मुलगा होता, तिला त्याची गरज नव्हती. तरी विचारलं, आणि मी सांगितलं. माझ्या सख्ख्या बहिणीनं मला कधी ते विचारलेलं नाही.

जाताना मिस्टर बाहेर आले. "माझं चुकलं," म्हणाले.

ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या दादा. त्या दिसाला बरं वाटलं व्हतं आमाला." मग मुलाला कडेवर घेऊन जिना उतरली.

पावसाच्या आधी ते गावाकडे गेले. स्टँड टेम्पोच्या टपावर बांधून नेला, असं ताई सांगत होत्या. पुढच्या हिवाळ्यात बागेत नुसता तिचा नवरा आला. मुलाला झटके यायला लागले होते आणि त्याला घरी टाकून तिला कामावर येता येईना. एकाच्या मजुरीवर तीन माणसं, आणि गोळ्यांसाठी महिन्याला नाशिकची फेरी.

तिचा फोन येतो अधूनमधून. घरात रेंज नसते म्हणून ती टेकाडावर जाऊन लावते. मागे वाऱ्याचा आवाज असतो. मुलगा सकाळी अंगणात उभा असतो म्हणते, कोंबड्यांकडे बघत. पाऊल टाकलेलं नाही. चालेल का, असं तिनं त्या दुपारनंतर मला कधी विचारलं नाही. विचारते ते दुसरंच.

"मावशी, थंडीत ह्याचं आंग लय आकडतं. ताईला काय करता तुमी?"

मी सांगते. आधी कोमट पाण्याची पिशवी लाव, मग हळूहळू सोडव. ओढू नकोस. रडला तर थांब.

ती "हां, हां" करत ऐकते. मध्येच रेंज जाते. मग मी फोन हातात धरून बसते, कारण ती पुन्हा लावते.