सगळ्यांत शेवटची सायकल

आमच्या ह्यांना सायकलवाले ‘शेपूट’ म्हणतात आणि हे त्यावर हसतात. मला त्या नावापेक्षा ह्यांच्या हसण्याचा जास्त राग येतो. अहो, जन्मभर काचेच्या दुकानात उभं राहून लोकांच्या खिडक्या आणि आरसे कापले, बोटांवर रेघाच रेघा झाल्या, आणि सुट्टीच्या दिवशी घाम गाळून मिळवलं काय, तर शेपूट!

आमच्या इथल्या सायकल मंडळाची वर्षातून एकदा लांबची फेरी असते. उजाडताना निघायचं आणि सूर्य मावळायच्या आत परत मैदानातल्या हवा भरलेल्या कमानीखालून यायचं. अर्धी वाट डांबरी, अर्धी मातीची. कधी खाणीकडची, कधी बांधावरची, कधी रानातली. त्यासाठी सायकलही तसलीच लागते. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं आणि टायर मात्र खाचाखाचांचे, चिखलातले. धड इकडची ना धड तिकडची. ओढा किंवा आडवं पडलेलं झाड आलं की उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची आणि चालू लागायचं. मी एकदा विचारलं, “अहो, ही तुम्हाला नेते की तुम्ही हिला?” तर म्हणाले, “आपल्या संसारासारखंच. आळीपाळीने.”

त्यांच्या सदऱ्याच्या खांद्यात मी जुन्या उशीचा कापूस भरून गादी शिवून दिली. मी कपडे दुरुस्तीची कामं घेते, मला ते काय जड? पण खांद्यावरचा काळा वळ काही गेला नाही.

शेपूट म्हणजे सगळ्यांच्या मागून येणारा माणूस. कोणाची चेन तुटली, कोणाच्या पायात गोळा आला, कोणी रडायला बसलं, की शेपटाने थांबायचं. मातीच्या वाटेवर जिथे जिथे फाटा फुटतो तिथे झाडाला केशरी रिबीन बांधलेली असते. शेवटचा माणूस पुढे गेला, की शेपटाने ती सोडून पिशवीत टाकायची. त्या रिबिनी मी कापते, तंबूच्या उरलेल्या कापडातून, फुकट. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायचा वसा आम्ही दोघांनी मिळून घेतला होता, ह्यांचं एकट्याचं नाव कशाला घेऊ?

आता गंमत ऐका. जे फेरी पुरी करतात त्यांचं नाव फळ्यावर लागतं आणि पत्र्याचा एक बिल्ला मिळतो. शेपटाला नाही. शेपूट फेरी ‘करत’ नाही म्हणे, शेपूट ‘काम’ करतं. तीच वाट, तेच चढ, तोच चिखल, वर दुसऱ्यांची ओझी, आणि फळ्यावर नाव नाही! मंडळाचे अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, “वहिनी, तो नियमच आहे.” नियम केला कोणी? अध्यक्षांनीच!

तरी वर्षानुवर्षं हे गप्प होते. मग गुडघा कुरकुरायला लागला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, फार तर एखादं वर्ष, मग लांब चालवणं बंद. त्या संध्याकाळी हे स्वयंपाकघरात आले. आमची सायकल तिथेच भिंतीला टांगलेली असते, दोन खोल्यांत दुसरी जागा कुठली? तिच्या वरच्या बाजूला ह्यांनी एक खिळा ठोकला.

मी म्हटलं, “हा कशाला?”

“बिल्ल्याला,” म्हणाले. लहान मुलासारखा चेहरा झाला होता. “अगं, एकदा. फक्त माझ्यासाठी एकदा.”

इतक्या वर्षांत ह्या माणसाने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. पायताणसुद्धा मी ओढून नेल्याशिवाय घेत नाहीत. मी म्हटलं, जा. रिबिनींची पिशवी दुसऱ्याच्या गळ्यात घाला आणि जा.

ती पडली अध्यक्षांच्या भाच्याच्या गळ्यात. तो म्हणाला, कच्च्या वाटेवर माझी कंबर धरते, मी जीपने येईन. डांबरी रस्ता धरून जीप प्रत्येक फाट्याच्या जवळ जातेच, मग सायकल कशाला? अध्यक्षांनी मान डोलावली. भाच्याची कंबर दुखते म्हटल्यावर मामा काय करणार?

फेरीच्या दिवशी ह्यांनी गुडघ्याला पट्टी गुंडाळली, छातीवर नंबर लावला. इतकी वर्षं ह्यांच्या सदऱ्यावर नंबर कधी नव्हता. मी चार टाके घालून तो पक्का शिवला.

दुपारपर्यंत सगळं छान चाललं होतं. गुडघ्यामुळे हे मागेच होते, पण वेळेत होते. ह्यांच्याही मागे एकच बाई होत्या, बालवाडीत शिकवणाऱ्या, पहिल्यांदाच आलेल्या. शेवटच्या चहाच्या थांब्यावर त्यांनी ह्यांना विचारलं, “काका, पुढे मी चुकणार नाही ना? मला रानाची फार भीती वाटते.” हे म्हणाले, “रानात पुढे वाट फुटते, तिथे रिबीन दिसेल. तिच्या बाजूने उजवीकडे वळा. डावीकडे जुनी खाण आहे, तिकडे मात्र जायचं नाही.” आणि हे पुढे निघाले. हे मला नंतर कळलं. मी तेव्हा कमानीपाशी डबा घेऊन उभी होते.

एकेक जण येत होता, टाळ्या वाजत होत्या, बिल्ले गळ्यात पडत होते. उन्हं कलली तरी हे नाहीत. तेवढ्यात जीप आली. मागे एक सायकल आडवी टाकलेली, आणि पुढून उतरल्या बालवाडीच्या बाई. चहाच्या थांब्यावरच पायात गोळे आले म्हणून बसल्या होत्या, भाच्याने उचलून आणलं. बरं केलं. पण जीपच्या टपावर माझी पिशवी दिसली, केशरी रिबिनींनी गच्च भरलेली.

मी म्हटलं, “अरे, सगळ्या सोडून आणल्यास? आमचे हे अजून मागे आहेत!”

“काकू, त्यांना कशाला हव्यात रिबिनी?” तो हसला. “त्यांना तर वाट पाठ आहे. येतील हो, शेपूट शेवटीच येतं.” आजूबाजूचे चारजण हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सूर्य टेकला. फळ्यावर ह्यांच्या नंबरापुढे कोणीतरी ‘सोडली’ असं लिहून टाकलं. मी अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, “हे आजवर कधी कोणाला मागे टाकून आलेत का? मग ह्यांच्यासाठी कोणीतरी जा की.” ते म्हणाले, “वहिनी, त्यांची काळजी करायची म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं.” मग त्यांनी कमानीतली हवा सोडायला सांगितली. भाड्याची होती, परत करायची होती. ती कमान माझ्यासमोर फुसफुस करत वाकली आणि आडवी झाली. मी घड्या घालणाऱ्यांना बोलायचं ते सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि घड्या घातल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

अंधार पडता पडता हे आले. चालत, सायकल हाताने ढकलत. पायाची पट्टी सुटून लोंबत होती. मैदानात मी एकटी आणि खुर्च्या रचणारा माणूस. मला वाटलं आता विचारतील, कमान कुठे, बाकीचे कुठे. तर धापा टाकत पहिला प्रश्न काय?

“बाई आल्या का गं? बालवाडीच्या?”

“आल्या की! कधीच्या आल्या. जीपने आल्या. जेवून घरीसुद्धा गेल्या. का?”

ह्यांनी सायकल खाली ठेवली आणि तिच्याशेजारी मातीत बसले. मी डबा उघडून पुढे केला, तर हात लावेनात. मग एकेक शब्द ओढून काढावा लागला.

हे फाट्यापाशी पोचले तेव्हा ऊन चांगलं होतं. कमान टप्प्यात होती, गुडघा साथ देत होता. पण झाडाला रिबीन नव्हती. ह्यांना वाटलं वाऱ्याने गेली असेल, नाहीतर कोणी चेष्टा केली असेल. जीप येऊन गेली हे ह्यांना कसं कळणार? त्या खळग्यात फोन लागत नाही. आणि बाईंना तर सांगून आलेले, रिबीन दिसेल. रिबीन दिसली नाही, तर बाई डावीकडे जातील, खाणीत. म्हणून हे थांबले. हाका मारल्या. थोडं मागे जाऊन पाहिलं, परत फाट्यावर आले. ऊन उतरताना बघत होते, म्हणाले, पण पाय उचलेना.

“सूर्य गेला तेव्हा कळलं, आता बिल्ला नाही,” म्हणाले. “पण म्हटलं, बाई तरी सापडतील.” आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, “मग मी कोणासाठी थांबलो होतो गं?”

मी पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि भाच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

बातमी पसरल्यावर जो तो येऊन सांगून गेला, काय हो मोठं मन तुमच्या यजमानांचं! बाई फुलं घेऊन आल्या, रडल्या. त्यांचा काय दोष? अध्यक्षांनी मात्र बिल्ला दिला नाही. सूर्य मावळल्यावर आलेल्याला देता येत नाही, नियमच आहे. मोठं मन म्हणे! मला विचाराल तर त्या मोठ्या मनापेक्षा मला तो पत्र्याचा तुकडा हवा होता. ह्यांनी एकदा, एकदाच, मागे न बघता यायला हवं होतं.

यंदा अध्यक्ष स्वतः दुकानात आले. भाच्याला नोकरी लागली होती, शेपूट कोणी मिळत नव्हतं. कामापुरता मामा! मी दुकानावरच्या आमच्या खोल्यांतून खाली उतरेपर्यंत हे हो म्हणूनसुद्धा बसले होते. मी म्हटलं, “अहो, गुडघा? डॉक्टर काय म्हणाले?”

“हळू जाईन,” म्हणाले. “मागेच तर राहायचंय. त्या फाट्यावर कोणीतरी हवं ना.”

मी तणतणले, भांडी आपटली, दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तंबूचं कापड काढून रिबिनी कापायला बसले. कापून झाल्यावर पिशवी भरली आणि ठेवायला जागा शोधू लागले. स्वयंपाकघरात सायकलीच्या वर तो खिळा रिकामाच होता. पिशवी तिथेच अडकवली.