अक्काचा गुडघा आणि दोन डबे

भिकनभाऊंच्या डब्याने आमच्या अक्काचा पाय मोडला, असे आमचे निम्मे नातेवाईक आजही मानतात. ते खोटे आहे. पाय माझ्या डब्याने मोडला.

अक्का माझी थोरली बहीण, भडगावची. भिकनभाऊ माझे साडू, धुळ्याचे. नव्वदच्या सुमारास आम्हा दोघांनाही सूक्ष्म विजेने दुखणी बरी करण्याचा नाद लागला. (पात्रता : दोघांनीही एकेकदा घरचा रेडिओ उघडला होता. बंद करता आला नव्हता!) साबणाच्या डबीत बॅटरी, वर वीज कमी-जास्त करायची एक गुंडी, तारांच्या टोकांना तांब्याच्या पट्ट्या. पट्ट्या ओल्या फडक्यात गुंडाळून दुखऱ्या जागी बांधायच्या. वीज इतकी कमी, की रोग्याला कळताही कामा नये.

अक्काचा गुडघा धरलेला आणि लेकाचे लग्न ठरलेले. "मना पोऱ्याना लगीनमा मी नाचसूच!" हा तिचा एकच हट्ट. मी दर रविवारी जळगावहून जाऊन डबा बांधू लागलो. तीन महिन्यांत अक्का जिना चढू लागली. माझी छाती दारात मावेना!

लग्नाला आठवडा उरला आणि भिकनभाऊ आपला डबा घेऊन भडगावला उगवले. "होऊन जाऊ द्या साडूभाऊ, जळगाव की धुळे!"

वीज मोजायचे मीटर लावले. त्यांच्या डब्यावर काटा ऐटीत हलला. माझ्या डब्यावर ढिम्म. आतली तार कधीपासून तुटलेली, देव जाणे!

मी मीटर झटकन स्वतःकडे वळवले.

"किती दाखवतो?"

"तुमच्यापेक्षा जास्त!"

चहाच्या निमित्ताने आत जाऊन मी तार जोडली. एवढ्यावर थांबलो असतो तर! पण धुळ्याला हरवायचे म्हणून बॅटरी काढून टेपरेकॉर्डर थेट घरच्या विजेवर चालवायचा, घरी बनवलेला एलिमिनेटर जोडला आणि तो खाटेखाली दडवला.

डाव्या गुडघ्यावर धुळे, उजव्यावर जळगाव.

"अक्का, कोणाचा चांगला?"

एक भाऊ, एक पाहुणा. अक्का कोणाला दुखावणार? "दोन्ही चांगला शेतस."

दोघांनीही आपापली गुंडी पुढे फिरवली.

"आते? आता कोणाचा?" भिकनभाऊंनी विचारले.

"दोन्ही चांगला शेतस!" आवाज जरा चिरका.

पुन्हा गुंडी. अक्काच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "दोन्ही... चांगला... शेतस, भाऊ!"

मी गुंडी शेवटपर्यंत फिरवली. अक्का खाटेवरून हातभर उडाली!

"नाचनी! अक्का नाचनी!" भिकनभाऊ ओरडले. "धुळ्याच्या पायावर नाचली!"

"जळगावच्या!" मी ओरडलो.

आम्ही भांडत असताना अक्का तारांत अडकून उंबऱ्यावर कोसळली. घर धावून आले. "कोना डबा व्हता?" भाच्याने विचारले. माझे बोट भिकनभाऊंकडे गेले आणि पायाने मी एलिमिनेटर आणखी आत ढकलला. त्यांनी तिथल्या तिथे आपला डबा फोडला आणि पुढे आयुष्यभर अक्कासमोर मान वर केली नाही. आता ते नाहीत.

वरातीत अक्का खुर्चीवर बसून गेली. पोरे नाचत होती, ती दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून बघत होती.

प्लास्टर घालताना जळगावच्या डॉक्टरांनी जुना दुखरा गुडघा दाबून पाहिला होता. "हा तर छान सुधारत होता. काय उपचार चालला होता?"

"विजेचा," मी पुटपुटलो.

"मग बंद का केलात?"

त्यांना कसे सांगू, की बंद केला नव्हता; त्या दिवशी पहिल्यांदाच चालू केला होता!