शेवटपर्यंत चालू राहायची खोली

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. गावी आईलाही नाही — ती अजून नानांचं नाव घेऊन देवापुढे दिवा लावते.

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली. वसईत आलो तेव्हा निर्मळ गावच्या नानांनी मागची खोली दिली, हातात टेस्टर दिला. ते जन्मभर वायरमन. आज लोक मला मिस्तरी म्हणतात ते त्यांच्यामुळे.

त्यांच्या घरी सोलर आणि बॅटरी मीच बसवली. वीज गेली की घर बॅटरीवर चालतं. चार्ज उतरू लागला की आधी काय बंद व्हायचं, शेवटपर्यंत काय चालू राहायचं, ते मोबाईलमध्ये लावून द्यावं लागतं. शेवटपर्यंत काकूंची, नानांच्या बायकोची खोली — त्या अंथरुणाला खिळलेल्या, वाचा गेलेली, पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अंगाखाली मोटरवर फुगणारी हवेची गादी. नाना दोनदा म्हणाले, "इंग्रजी अडलं तर विचार रे. त्यात लाजायचं काय?"

अडलं. दोन बेडरूम, दोन्हींची नावं इंग्रजीत. विचारलं का मी? नाही. अंदाजाने बोट ठेवलं.

एकदा ढगाळ दिवशी सकाळी वीज गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. नाना जेवायला आले तेव्हा गादी फुगलेली होती. मग घर बॅटरीवर आहे म्हणून निर्धास्त वाडीत गेले, केळीची पानं कापायला. इकडे पाहुण्यांच्या रिकाम्या खोलीत पंखा फिरत राहिला — आणि काकूंची गादी बसली.

वसईतल्याच एव्हरशाईन सिटीतून त्यांचा मुलगा धावत आला. "हे झालं कसं?" तोवर मी माझ्या मोबाईलवरून दोन्ही खोल्यांचा क्रम गुपचूप बदलून ठेवला होता. म्हटलं, "नानांच्या फोनवरून चुकून काही दाबलं गेलं असेल, दादा."

नाना आपल्या फोनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असेल बाबा. वय झालं."

ते काही विसरत नव्हते. कुठल्या खांबावरून कुठल्या घरात लाईन जाते, सगळ्या गावाचं त्यांना पाठ होतं!

मुलाने फोन काढून घेतला. "नाना, आता कशाला हात लावू नका." काकूंच्या पाठीची जखम भरलीच नाही. दिवाळीआधी त्या गेल्या. तेराव्याला नाना येईल त्याला सांगत होते — माझ्याच हातून झालं. मी तिथेच होतो. पाहुण्यांना पाणी देत होतो. तेव्हा तरी तोंड उघडायला काय झालं होतं मला?

मागच्या आठवड्यात बॅटरी बघायला गेलो. नाना घामाने निथळत बसलेले, डोक्यावर पंखा बंद. मला बघून उठले, बटणापर्यंत हात नेला — आणि थांबले.

"लावू का रे? काही बिघडणार नाही ना?"

मी म्हटलं, "लावा, नाना."