दुरुस्तीला दिलेला टेप

सौंसरच्या बसचा कंडक्टर त्या सकाळी माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला, तेव्हा मी मान वर न करताच सांगून टाकलं, "नाही झाला म्हणा अजून." कितीतरी दिवस तो वहिनींचा एकच निरोप आणत होता, टेप झाला का? आणि मीही एकच उत्तर परत पाठवत होतो. पण तो हलला नाही. "टेपचं नाही विचारून राहिलो, भाऊ… गुरुजी गेले," तो म्हणाला. माझा मोठा भाऊ गेला होता, आणि त्याच्या टेपरेकॉर्डरबद्दल मी नुकताच खोटं बोललो होतो. त्याला आता काही आठवडे झाले.

दादा मोहगावच्या शाळेत मास्तर, राहायला सौंसरला. त्याच्या घरातून मोडलेली वस्तू बाहेर फेकली गेली, असं कधी झालं नाही. गळक्या बादलीला कथलाचा डाग, छत्रीला दुसरं कापड, चपलेला तळ. तुझ्या घरात नवं येतं ते फक्त कॅलेंडर, असं आम्ही त्याला चिडवायचो. हौस म्हणाल तर एकच, हातात घेऊन हिंडता येईल असा तो टेप. जामसांवलीच्या मारुतीपुढे भजनाला मंडळी बसली की दादा टेप मांडीवर घेऊन सगळ्यांच्या पुढे, आणि भजन टेपमध्ये भरून घेताना मधेच कुणी खोकलं तर असा बघायचा की त्या माणसानं पुढच्या शनिवारी यावं की नाही याचा विचार करावा. शाळेतून आला की हातपाय धुऊन तीच भजनं लावायची. चहासुद्धा त्यानंतर.

मग त्याच्या पोटात गाठ निघाली. आता घरीच न्या, असं नागपूरच्या डॉक्टरांनी मला आणि वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं. परतताना वहिनींनी मला शपथ घातली, यातलं दादाला काही कळता कामा नये. आणि नेमका त्याच सुमारास टेप बिघडला. आधी भजन ओढून ओढून यायला लागलं, मग चाकं फिरेनाशीच झाली. मी तो पांढुर्ण्याला माझ्या शेजारच्या मेकॅनिककडे आणला. मोटर गेली, तो म्हणाला, नागपूरहून मागवावी लागेल, केव्हा येईल सांगता येत नाही, त्यापेक्षा नवा घ्या. मला पटलं. दादाकडे वेळ होता कुठे? सौंसरला जाऊन स्वयंपाकघरात वहिनींना हे सांगितलं, तर त्या पोळपाट सोडून उठल्याच. "नवा नोका आणू, भाऊजी. दुरुस्त होणारी वस्तू टाकून या घरात कधी नवी आली काय? त्यांले लगेच समजंल, का आता वेळ नाही उरला म्हणून." त्यांचं खरं होतं. त्या घरात नवा टेप नेणं म्हणजे डॉक्टरांचं बोलणं दादाच्या हातात ठेवण्यासारखंच होतं. टेप दुरुस्तीलाच राहिला.

अखेर मोटर आली, टेप वाजायला लागला. एक दिवस चालवून बघतो, मेकॅनिक म्हणाला, पण मला दम कुठला, मी तशीच बस पकडली. वहिनी पाण्याला गेल्या होत्या. दादा खाटेवर, नुसता हाडांचा सापळा उरलेला. म्हटलं, "दादा, टेप झाला. उद्या घेऊन येतो." त्यानं आधी दाराकडे बघून वहिनी आल्या नाहीत ना, ते पाहिलं. मग म्हणाला, "राहू दे तिथंच."

"काहून?"

"तुही वहिनी रोज निरोप धाडून राहिली न… टेप येईन, मंग हे उठून बसतीन, ऐकतीन. तिले वाटते मी बरा होऊन राहिलो. टेप आला अन् मले बसताच नाही आलं, तर तिची आस तुटंल रे."

म्हणजे त्यानं आपलं दुखणं केव्हाच ओळखलं होतं. फक्त वहिनींना काही ठाऊक नाही, असं तो धरून चालला होता. मी चिडलो. "अन् तुले नाही ऐकाचं का?"

"लय ऐकलं आजवर," तो म्हणाला, आणि वहिनींना यातलं काही सांगायचं नाही, अशी त्यानंही मला शपथ घातली. एकाशी बोलावं तर दुसऱ्याची मोडते. दोघांचाही राग यायचा मला, आणि बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडूही यायचं. चांगला वाजणारा टेप मेकॅनिकच्या फळीवर पडून, आणि मी कंडक्टरला सांगतोय, नाही झाला.

तेरवी झाल्यावर मी तो सौंसरला नेला. "केव्हा झाला हा?" वहिनींनी विचारलं. आता कुणासाठी गप्प बसायचं? मी सगळं सांगितलं. दादाची माया कळून त्यांना थोडं बरं वाटेल, अशी माझी वेडी समजूत. "मले कायची आस, भाऊजी? मी तं दवाखान्यातच समजली होती." एवढंच बोलून त्यांनी टेप दादाच्या खाटेवर ठेवला. अजून तो तिथेच असतो.

परवा गेलो होतो. म्हटलं, लावू का थोडा वेळ? वहिनींनी नको म्हणून मान हलवली.

"दुखणं लय वाढलं का मी त्यांले म्हणो, थांबा जरा, तुमचा टेप येऊनच राहिला…" त्या म्हणाल्या. "अन् ते हो म्हणत, भाऊजी. दरवेळी हो म्हणत."