चाचांचा पक्का हात

फखरुद्दीनचाचा भिवंडीत कॉम्प्युटर दुरुस्त करतात, पण अंगात अजून लूमचा मेकॅनिकच आहे. तीस वर्षं त्यांनी पॉवरलूम सांभाळले. लूम दिवसभर थडथडतो. नट जरा सैल राहिला तर शिफ्ट संपायच्या आत गळून पडतो. म्हणून चाचा जे आवळतात ते कायमचं. तीन वर्षांपूर्वी कारखाना बंद झाला, लूम भंगारात गेले, आणि साठीला आलेल्या या गृहस्थांनी नवी विद्या शिकून घराच्या ओटीवर दुकान थाटलं. मी साड्यांच्या किनारीची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढतो, त्यामुळे त्यांचं पहिलं गिऱ्हाईक मीच.

परवा त्यांनी माझ्या डेस्कटॉपला नवा प्रोसेसर बसवला आणि मशीन पूर्वीहून संथ झालं. मी चिडलोच. रॅम ३२०० वेगाची, धावत होती २१३३ वर. प्रोसेसर बदलला की मदरबोर्ड रॅमचा वेग विसरतो, हे चाचांना पाठ. त्यांनी ३२०० वेगाचं सेटिंग पुन्हा चालू केलं. पडदा काळा! मशीन तीनदा धडपडलं आणि परत २१३३. रॅमच्या पट्ट्या अदलून-बदलून झाल्या, मदरबोर्डचा बायोस प्रोग्रॅम नवा घातला, दुकानातली दुसरी रॅमही लावून पाहिली. दोन दिवस गेले.

“शार्दूलभाई, आज मगरिबच्या नमाजाआधी न्हाय झालं, तर उद्या दुकानाचा बोर्ड उतरवतो,” चाचा म्हणाले. “लूमवाल्याचं काम न्हाय हे.”

मला थट्टा वाटली. पण त्यांनी बोर्डाखाली स्टूल आणून ठेवलं होतं. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

तेवढ्यात आतून त्यांची बायको सालेहाचाची आल्या, हातात लोणच्याची बरणी.

“काल झाकण तुम्हीच लावलंत, आता तुम्हीच खोला. तुम्ही बंद केलेलं या घरात कुनाला उघडत न्हाय. नळ पन असाच तोडलात.”

चाचांनी दात-ओठ खाऊन झाकण सोडवलं आणि तिथेच थबकले. बरणी माझ्या हातात कोंबून ते मशीनपाशी गेले. प्रोसेसरवरच्या पंख्याचे चार स्क्रू त्यांनी लूमच्या हिशेबानं आवळले होते. त्या जादा दाबानं मदरबोर्ड किंचित वाकला होता, प्रोसेसर खालच्या पिनांवर सारखा टेकत नव्हता, म्हणून रॅमचा पूर्ण वेग पेलत नव्हता. त्यांनी एकेक स्क्रू अर्धा फेरा सैल केला आणि सेटिंग पुन्हा लावलं.

पडदा काळा झाला. मग उजळला, आणि आकडा आला ३२००.

“काय बिघडलं होतं, चाचा?” मी विचारलं. दोष रॅमवर ढकलून मोकळं होणं त्यांना किती सोपं होतं!

चाचा स्वतःचा उजवा हात उलटसुलट करून बघत होते. “रॅम चांगली हाय, प्रोसेसर चांगला हाय. लूम बंद झाले, ते ह्याला कुनी सांगितलंच न्हाय.”

चाचींनी बोर्डाखालचं स्टूल उचलून आत नेलं. चाचांनी बरणीचं झाकण लावलं, जरा थांबले, आणि अर्धा फेरा मागे फिरवलं.